बुंदेलखंडातील मत्स्यसंशोधन आणि तलावाचे हक्कदार

झाशी येथील राणी लक्ष्मीबाई केंद्रीय कृषी विद्यापीठाची स्थापना संसदेच्या २०१४ च्या कायद्यान्वये झाली. उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेश या दोन राज्यांत विभागलेला बुंदेलखंड हे त्याचे कार्यक्षेत्र असून, विद्यापीठाचे मत्स्यविज्ञान महाविद्यालय झाशीनजीकच्या दतिया येथे, म्हणजेच मध्य प्रदेशात आहे. मत्स्यसंवर्धनातील नवे तंत्र तलावापर्यंत पोहोचविणारी यंत्रणा उभारताना कोणाकोणाशी विचारविनिमय व्हावा, हा प्रश्न या भागात विशेष महत्त्वाचा ठरतो. येथे पाण्यावरील ताबा, पाण्याचा वापर आणि मासेमारी या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या हातांत आहेत.

पाणी एक, हक्कदार अनेक

महोबा, टीकमगड, छतरपूर या भागांत चंदेल राजवटीतील जुने तलाव आहेत. बेतवा नदीवर पारीछा व माताटीला ही धरणे आहेत. मोठे जलाशय पाटबंधारे खात्याच्या अखत्यारीत येतात, तर गावतळी ग्रामपंचायतीमार्फत ठेक्याने दिली जातात. ढीमर, केवट, रायकवार या समाजांतील कुटुंबे मासेमारीवर उपजीविका करतात; त्यांपैकी अनेक जण त्याच तलावांत शिंगाड्याचे पीकही घेतात. रब्बीच्या गव्हासाठी शेतकरी तलावाचे पाणी उपसतात. त्यामुळे माशांच्या वाढीसाठी किती पाणी राखून ठेवावे, याचा निर्णय केवळ मच्छीमारांच्या हाती नसतो.

१९९० च्या दशकात टीकमगड व छतरपूर जिल्ह्यांतील मच्छीमारांनी ठेकेदारांच्या वर्चस्वाविरुद्ध संघटित होऊन तलावांवरील हक्काची मागणी केली. १९९६ मध्ये मध्य प्रदेश शासनाने तलावांवरील हक्क मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना देण्याचे धोरण स्वीकारले. तथापि, कागदावरील हक्क प्रत्यक्षात मिळविण्यासाठी मच्छीमारांना पुढेही झगडावे लागले. ठेका हातात नसेल, तर सुधारित बीज व खाद्याचा लाभ मासे पकडणाऱ्यास न होता ठेकेदारास होतो, हा या संघर्षाचा मथितार्थ आहे.

तंत्राची निवड

रोहू, कटला व मृगळ हे मासे विक्रीयोग्य होण्यास साधारणतः आठ ते बारा महिने लागतात. बुंदेलखंडातील अनेक तळी मात्र उन्हाळ्यापूर्वीच आटतात. यावर एक उपाय म्हणजे मत्स्यबीज वर्षभर दाटीने व कमी खाद्यावर ठेवून त्याची वाढ रोखणे आणि पावसाळ्यात अशी मोठी बोटुकली तलावात सोडणे. मोकळे पाणी व पुरेसे खाद्य मिळताच ती झपाट्याने वाढतात. परंतु कोणत्या तळ्यात पाणी केव्हापर्यंत टिकते, गाळ किती आहे आणि बीज कोणत्या आठवड्यात हवे, ही माहिती स्थानिक मच्छीमारांकडेच असते. त्यांना विचारल्याशिवाय संशोधनाचा विषय ठरविल्यास तंत्र योग्य असूनही निरुपयोगी ठरू शकते.

सल्लामसलतीचा मार्ग

कृषी विज्ञान केंद्रांच्या शास्त्रीय सल्लागार समित्यांमध्ये शेतकरी, शासकीय खाती व बँका यांचे प्रतिनिधी असतात. याच धर्तीवर मत्स्य नवोपक्रम केंद्रात सहकारी संस्था, ग्रामपंचायती, बीजउत्पादक, व्यापारी आणि दोन्ही राज्यांची मत्स्य व पाटबंधारे खाती यांना स्थान देता येईल. निधीसाठी २००६ मध्ये हैदराबाद येथे स्थापन झालेले राष्ट्रीय मत्स्यविकास मंडळ आणि २०२० मध्ये मंजूर झालेली २०,०५० कोटी रुपयांची प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना हे प्रमुख आधार ठरले.

सहभागाविना झालेल्या विस्ताराचे परिणाम देशाने पूर्व किनाऱ्यावर पाहिले आहेत. कोळंबीशेतीमुळे शेतजमिनी व पिण्याचे पाणी खारावल्याच्या तक्रारी न्यायालयात गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये किनारी नियमन क्षेत्रातील कोळंबी तळ्यांवर कडक निर्बंध घातले आणि २००५ मध्ये किनारी जलसंवर्धन प्राधिकरणाचा कायदा झाला.

महाराष्ट्रात भंडारा व गोंदिया जिल्ह्यांतील मालगुजारी तलाव आणि तेथील ढिवर समाजाच्या सहकारी संस्था यांची स्थिती बुंदेलखंडाशी मिळतीजुळती आहे. ठेक्याची मुदत, तलावातील किमान पाणीपातळी आणि वेळेवर बीजपुरवठा या तीन बाबींवर संबंधितांचे एकमत आधी झाले, तरच संशोधन संस्थेचे कार्य तलावाकाठी रुजेल.