परदेशीं जाणाऱ्या विद्यार्थ्यांचे सल्लागार

परदेशीं जाऊन विद्या संपादन केलेल्या थोर मराठी मंडळींविषयीं आपण पुष्कळ ऐकलें आहे. त्यांचीं चरित्रें आपल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकांत आहेत. परंतु तेथें जाण्याची वाट त्यांना दाखविली कोणी, आणि वाट दाखविणाऱ्याचा स्वतःचा हेतु काय होता, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. इतिहासाच्या पंडितांना तो किरकोळ वाटेल. ज्यांच्या घरीं दहावी-बारावीचीं मुलें आहेत, त्यांना मात्र तो किरकोळ वाटूं नये. म्हणून आजच्या भाषणासाठीं मीं तोच विषय निवडला आहे.

मी भाईंदरचा राहणारा. खाडी आणि मिठागरें यांच्या आश्रयानें वाढलेल्या या गांवाची मीरा रोडसह २००२ सालीं महानगरपालिका झाली, आणि आतां परदेशी विद्यापीठांत प्रवेश मिळवून देणाऱ्या कचेऱ्यांच्या पाट्याहि येथें दिसूं लागल्या आहेत. माझे जुने विद्यार्थी आज स्वतः आईबाप झाले आहेत. मुलामुलींचीं कागदपत्रें घेऊन ते येतात आणि विचारतात, "गुरुजी, या कचेरीचें ऐकावें काय?" मी मॅट्रिकच्या पलीकडे गेलेला नाहीं, आणि परदेशहि पाहिलेला नाहीं. तेव्हां अमुक विद्यापीठ चांगलें, तमुक वाईट, असें सांगण्याचा अधिकार मला नाहीं. परंतु सल्लागार पारखावा कसा, याचा कांहींसा बोध मागील इतिहासावरून होण्यासारखा आहे.

प्रथम आनंदीबाई जोशी यांची हकीकत घेऊं. त्यांचें माहेर आपल्याच ठाणे जिल्ह्यांतील कल्याणचें. जन्म ३१ मार्च १८६५ चा. नवव्या वर्षीं टपालखात्यांतील गोपाळराव जोशी यांच्याशीं त्यांचें लग्न झालें. चौदाव्या वर्षीं मूल झालें, आणि अवघ्या दहा दिवसांत तें गेलें. वैद्यक शिकण्याचा ध्यास त्यांना तेथून लागला. पत्नीला अमेरिकेंत शिक्षण मिळावें या इच्छेनें गोपाळरावांनीं मिशनऱ्यांकडे पत्रद्वारें चौकशी केली. रॉयल वाइल्डर नांवाचे एक अमेरिकन पाद्री पूर्वीं कोल्हापुरास होते व पुढें प्रिन्स्टनहून 'मिशनरी रिव्ह्यू' हें मासिक चालवीत. त्यांच्यापर्यंत हें प्रकरण गेलें. जोशी दांपत्यानें ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यास साह्य करतां येईल, असा त्यांचा अभिप्राय पडला. गोपाळरावांस तो मानवला नाहीं. गोष्ट तेथेंच संपावयाची. परंतु वाइल्डर यांनीं तो पत्रव्यवहार आपल्या मासिकांत छापला होता. न्यू जर्सी संस्थानांतील रोझेल गांवच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई १८८० सालीं दंतवैद्याच्या दवाखान्यांत पाळीची वाट पाहत बसल्या असतां तो अंक त्यांच्या हातीं आला. त्यांनीं आपण होऊन आनंदीबाईंना पत्र लिहिलें. पुढें तीन वर्षें हा पत्रव्यवहार चालला, आणि अमेरिकेंत आल्यावर आपल्या घरीं उतरावें, असें आमंत्रणहि त्यांनीं दिलें.

एकच मजकूर दोघांनीं वाचला. पण सल्ला दोन तऱ्हेचा मिळाला. वाइल्डर वाईट गृहस्थ होते, असें म्हणण्याचें कारण नाहीं. त्यांनीं आपली अट उघड सांगितली, लपविली नाहीं. परंतु ते आपल्या मिशनला बांधलेले होते. मुलीच्या शिक्षणापेक्षां मिशनचें कार्य त्यांना मोठें वाटणें स्वाभाविक होतें. कार्पेंटरबाई त्या मुलीखेरीज कोणालाच बांधलेल्या नव्हत्या. हा भेद लक्षांत ठेवावा, कारण पुढील सर्व इतिहासांत तो पुनःपुन्हां आढळेल.

७ एप्रिल १८८३ रोजीं आनंदीबाई कलकत्त्याहून पतीवांचून निघाल्या आणि जूनमध्यें न्यू यॉर्कला पोंचल्या. त्याच महिन्याच्या अखेरीस त्यांनीं फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजाकडे प्रवेशासाठीं पत्र धाडलें. वय अठरा, शाळेचें रीतसर शिक्षण तुटपुंजें, भाषा परकी. अशा स्थितींत त्यांनीं काय लिहिलें? आप्तांचा व जातीचा विरोध पत्करून ज्या निश्चयानें आपण येथवर आलों, तोच निश्चय पुढील कार्यांतहि उपयोगी पडेल; आपल्या देशांतील स्त्रिया पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षां मरण पत्करतात, त्यांची सेवा करावी एवढाच आपला उद्देश आहे; स्वतःसाठीं आपण कांहींच मागत नाहीं, त्या सेवेला लायक होण्यापुरतें शिक्षण मात्र मागतों. पत्राचा आशय हा असा आहे. त्यांत अलंकार नाहींत कीं कोणाची स्तुति नाहीं. डीन रेचल बॉडली यांच्या कॉलेजानें त्यांना घेतलें, आणि ११ मार्च १८८६ रोजीं त्या एम. डी. झाल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळांत त्यांची नेमणूक झाली होती. पण तेथें रुजू होण्यापूर्वींच २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्यांचें निधन झालें. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे अमेरिकेस पाठविण्यांत आली, आणि त्या बाईंनीं ती आपल्या कुटुंबाच्या स्मशानभूमींत ठेवली. सल्लागार आणि विद्यार्थिनी यांचें नातें कोठवर जाऊं शकतें, याचा हा पुरावा आहे.

दुसरें उदाहरण नाशिकांत जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांचें. १८८८ सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजांतून पदवीपरीक्षेंत त्या पहिल्या आल्या. अशा विद्यार्थ्याला इंग्लंडांत शिकण्यासाठीं सरकारी शिष्यवृत्ति मिळावयाची. पण ती पुरुषांसाठीं आहे असें सांगून त्यांना नाकारण्यांत आली. येथें सरकारी खातें नियमाला बांधलेलें होतें, गुणाला नव्हे. अखेर इंग्लंडांतील हितचिंतकांनीं वर्गणी जमविली, आणि १८८९ सालीं त्या ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजांत दाखल झाल्या. १८९२ सालीं त्यांनीं कायद्याची परीक्षा दिली. पण स्त्री म्हणून पदवी हातीं पडण्यास १९२२ साल उजाडावें लागलें.

पुढें १८९६ सालीं कोंकणांतील मुर्डी गांवचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजांत गेले आणि १८९९ सालीं सीनियर रँग्लर झाले. त्यांच्या मागें पुण्याची डेक्कन एज्युकेशन सोसायटी उभी होती. परत आल्यावर ते फर्ग्युसन कॉलेजाचे प्रिन्सिपॉल झाले, आणि मोठ्या पगाराचा मोह सोडून आजीव सभासदाच्या अल्प वेतनावर त्यांनीं तेथें काम केलें. सोसायटीचाहि स्वार्थ होता, नाहीं असें नाहीं. पण विद्यार्थ्याचें हित आणि संस्थेचें हित येथें एकाच दिशेला होतें.

आतां सरकारनें स्वतःच सल्लागार होण्याचें ठरविलें, तेव्हां काय झालें तें पाहूं. विसाव्या शतकाच्या आरंभीं लंडनमधील हिंदी विद्यार्थ्यांची संख्या वाढूं लागली. १९०५ सालीं श्यामजी कृष्णवर्मा यांनीं तेथें इंडिया हाऊस उघडलें आणि शिष्यवृत्त्या ठेवल्या. १९०६ सालीं विनायक दामोदर सावरकर त्यांपैकीं एका शिष्यवृत्तीवर गेले, तेव्हां त्यांची शिफारस लोकमान्य टिळकांनीं केली होती. सरकार सावध झालें. १९०७ सालीं ली-वॉर्नर समिति नेमण्यांत आली. पुढें १९०९ सालीं लंडनमध्यें माहिती-कचेरी निघाली, अलीगढ व लाहोर येथें अध्यापन केलेले टॉमस अर्नोल्ड हे तिचे शैक्षणिक सल्लागार झाले, आणि इकडे प्रांतोप्रांतीं सल्लागार समित्या स्थापन झाल्या. याच वर्षीं १ जुलै रोजीं मदनलाल धिंग्रा यांनीं कर्झन वायली यांचा वध केला. हे वायलीसाहेब ली-वॉर्नर समितीचे एक सभासद होते.

कागदावर ही योजना निर्दोष होती. कोणत्या कॉलेजांत कोणता विषय, खर्च किती, राहावयाचें कोठें, ही माहिती नवख्या मुलाला हवीच असते. अर्नोल्ड हेहि मोठे विद्वान होते. परंतु एका हातानें माहिती देणारी कचेरी दुसऱ्या हातानें आपल्यावर नजर ठेवते, अशी विद्यार्थ्यांची समजूत झाली, आणि ती अगदींच निराधार नव्हती. जेथें संशय आला, तेथें उत्तम सल्लाहि फुकट जातो. १९२१-२२ सालच्या लिटन समितीलाहि या अविश्वासाची दखल घ्यावी लागली.

आतां जें उदाहरण मी देणार आहे, तें एका शिक्षकाचें आहे. म्हणून मला तें विशेष प्रिय आहे. मुंबईंत चर्नी रोडच्या बागेंत एक शाळकरी मुलगा नेहमीं वाचीत बसलेला कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांना दिसे. केळुसकर विल्सन हायस्कूलमध्यें शिक्षक होते. मुलाचें नांव भीमराव आंबेडकर. गुरुजींनीं त्याची विचारपूस केली, त्याला पुस्तकें दिलीं, आणि १९०७ सालीं तो मॅट्रिक झाला तेव्हां त्याच्या सत्कारसभेंत आपलें बुद्धचरित्र त्याच्या हातीं ठेवलें. पुढें कॉलेजच्या शिक्षणासाठीं पैसा संपला, तेव्हां त्यांनीं बडोद्याचे सयाजीराव महाराज यांच्याकडे शब्द टाकला, आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ति मिळाली. तो दुवा जुळला नसता, तर पुढील इतिहास कसा घडता, हें कोणी सांगावें?

१९१३ सालीं बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर आंबेडकर न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले. शिष्यवृत्ति दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षें. आणि अट अशी कीं, परत आल्यावर दहा वर्षें बडोदें सरकारची नोकरी करावी. ही अटहि स्पष्ट लिहिलेली होती. १९१६ सालीं ते लंडनला गेले. पण मुदत संपल्यामुळें १९१७ सालीं अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावें लागलें. बडोद्यांत त्यांना अस्पृश्य म्हणून राहण्यास जागासुद्धां मिळेना. ज्या अटीवर ते शिकले, ती पाळण्याची सोय समाजानें ठेवली नाहीं. तरी १९२० सालीं स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांचें साह्य आणि नवल भथेना या पारशी मित्राचें कर्ज घेऊन ते पुन्हां लंडनला गेले, आणि १९२३ सालीं डी. एस्सी. झाले. कोलंबियाच्या सेलिग्मन या गुरूंनीं लंडनच्या फॉक्सवेल या प्राध्यापकांना त्यांची शिफारस केली होती. केळुसकर आणि सेलिग्मन, एक गिरगांवचा शिक्षक व एक जगप्रसिद्ध अर्थशास्त्रज्ञ. दोघांनीं केलें तें एकच. मुलाला जवळून ओळखलें आणि ज्याच्या हातीं दार होतें त्याला तें सांगितलें.

आणि ज्याला वाट मिळाली, त्यानें ती इतरांसाठीं रुंद केली. १९४२ सालीं व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळांत असतां आंबेडकरांनीं अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या परदेशांतील शास्त्रीय व तांत्रिक शिक्षणासाठीं सरकारी तरतूद मागितली. स्वतंत्र भारताची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ति १९५४-५५ पासून आजतागायत चालू आहे.

या इतिहासाचा आजच्या गृहस्थाला उपयोग काय? परदेशी विद्यापीठांत आज बारावीनंतर लगेच जातां येतें, आणि माहिती कधीं नव्हती इतकी सुलभ झाली आहे. पण सल्लागार कोणाला बांधलेला आहे, हा प्रश्न जागच्या जागीं आहे. ब्रिटन व ऑस्ट्रेलिया येथील अनेक विद्यापीठें विद्यार्थी आणून देणाऱ्या मध्यस्थांस कमिशन देतात. अमेरिकेंतील प्रवेश-सल्लागारांच्या राष्ट्रीय संघटनेनेंहि परदेशी विद्यार्थ्यांपुरती अशा कमिशनवरील बंदी २०१३ सालीं शिथिल केली. कमिशन घेणारा प्रत्येक जण लबाड असतो, असें माझें म्हणणें नाहीं. वाइल्डरहि लबाड नव्हते. परंतु त्यांनीं अट उघड सांगितली, तशी यानेंहि सांगावी, एवढी अपेक्षा करण्याचा आपणांस हक्क आहे. फी देण्यापूर्वीं पालकांनीं सरळ विचारावें : आपणांस पैसे कोण देतो? ज्या विद्यापीठाशीं आपला करार नाहीं, त्याचें नांव आपण सुचवाल काय? आणि या मुलानें येथेंच शिकावें असें वाटल्यास तसें सांगाल काय? राहतें घर गहाण टाकून कर्ज काढणाऱ्या कुटुंबाला या तीन उत्तरांची किंमत पुष्कळ आहे.

दुसरी गोष्ट मुलांसाठीं. अमेरिकेंतील पुष्कळ कॉलेजें एका सामाईक अर्जाबरोबर ६५० शब्दांपर्यंतचा निबंध मागतात. ब्रिटनमध्यें २०२६ च्या प्रवेशापासून निवेदनांत तीन प्रश्न असतात : हा विषय कां निवडला, अभ्यासानें तयारी कशी झाली, आणि अभ्यासाबाहेर काय केलें. हे निबंध आज दुसऱ्याकडून, किंबहुना यंत्राकडूनहि, लिहवून घेतले जातात. मुलांनो, १८८३ सालीं एका अठरा वर्षांच्या मुलीनें तुटपुंज्या शिक्षणावर परक्या भाषेंत हेंच उत्तर दिलें होतें. आपण कां आलों हें तिला ठाऊक होतें, म्हणून तिला तें लिहितां आलें. तुम्हांला तें ठाऊक नसेल, तर कोणत्याहि कचेरीला तें लिहून देतां येणार नाहीं. आणि दिलें, तरी तें तिचें होईल, तुमचें नव्हे.

शिक्षकबंधूंना एवढेंच सांगावयाचें कीं, शिफारसपत्राचा छापील नमुना सही करून देणें सोपें आहे. केळुसकर गुरुजींनीं मात्र बागेंत वाचीत बसलेल्या मुलाकडे आधीं लक्ष दिलें, आणि शब्द नंतर टाकला. त्यासाठीं परदेश पाहिलेला असण्याची गरज त्यांना पडली नाहीं. आपल्यालाहि पडूं नये.