छांबच्या आकाशात चार व्हॅम्पायर : १ सप्टेंबर १९६५

पहाट, पाचच्या आधी

छांबच्या भारतीय चौक्यांवर पाकिस्तानी तोफांचा भडिमार सुरू होतो. उजाडता उजाडता पॅटन रणगाडे युद्धबंदी रेषा ओलांडून आत शिरतात. मोहिमेचं नाव ‘ग्रँड स्लॅम’, सूत्रं मेजर जनरल अख्तर हुसेन मलिक यांच्या हाती. समोर आपली १९१ इन्फन्ट्री ब्रिगेड, आणि तिच्या मदतीला ‘२० लान्सर्स’च्या हलक्या एएमएक्स-१३ रणगाड्यांची एकच स्क्वाड्रन. शत्रूची नजर अखनूरवर आहे. चिनाबवरचा तिथला पूल पडला, की राजौरी आणि पूंछकडे जाणारी रसद तुटते.

सकाळ ते दुपार

एएमएक्सवाले आपल्यापेक्षा कितीतरी जड रणगाड्यांना अंगावर घेतात, काहींना थोपवतातही. पण संख्येपुढे आणि तोफांपुढे ब्रिगेडचा निभाव लागणं अवघड आहे. विमानं पाठवा, अशी मागणी वर जाते.

तिला वेळ लागतो, आणि त्याला कारण आहे. ऑगस्टपासून काश्मीरमध्ये घुसखोरांशी चकमकी चालू असल्या, तरी दोन्ही देशांची लढाऊ विमानं अजून एकमेकांवर तुटून पडलेली नाहीत. भारतीय विमानानं पहिला बॉम्ब टाकला, की लढाईचं रूपच पालटणार. तो निर्णय ब्रिगेडचा नाही, हवाईतळाचाही नाही, तो दिल्लीचा. पठाणकोटला वैमानिक वाट पाहत बसले आहेत.

दुपारी चारच्या सुमारास

दिल्लीत संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्यासमोर लष्करप्रमुख जनरल चौधुरी आणि हवाईदल प्रमुख अर्जन सिंग. चौधुरी परिस्थिती सांगतात आणि विमानं मागतात. विमानं किती वेळात पोचतील, या प्रश्नावर अर्जन सिंग तासाभराची मुदत देतात. यशवंतराव मंत्रिमंडळाच्या समितीची बैठक बोलावत नाहीत, पंतप्रधान शास्त्रींच्या संमतीसाठी थांबत नाहीत. काही मिनिटांत ते होकार देतात.

‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे वाक्य महाराष्ट्रात पोरासोरांनाही पाठ आहे. मला मात्र १९६२ च्या त्या आगमनापेक्षा १९६५ ची ही काही मिनिटं मोठी वाटतात. चीनच्या लढाईत भारतानं लढाऊ विमानं वापरलीच नव्हती, आणि त्या पराभवानंतरच हे खातं त्यांच्याकडे आलं होतं. समोरचा माणूस मदत मागतोय आणि आपण फाईल फिरवत बसलोय, असं त्यांनी होऊ दिलं नाही. शास्त्रींनीही पुढे त्यांच्या निर्णयामागे आपलं बळ उभं केलं.

निर्णय अचूक होता. पण तो ज्यांच्या हातात पडणार होता, त्यांच्या हाती काय होतं?

साडेचार ते पाच, पठाणकोट

पहिल्या फळीत उडणार आहे ४५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचं व्हॅम्पायर. ब्रिटिश बनावटीचं हे विमान पहिल्यांदा उडालं १९४३ मध्ये. भारताकडे ते १९४८ मध्ये आलं, तेव्हा देशातलं पहिलं जेट म्हणून त्याचं कौतुक झालं होतं. तेव्हापासून सतरा वर्षं उलटली आहेत.

त्याच्या जवळ जाऊन पाहा. वैमानिक बसतो तो पुढचा भाग प्लायवूड आणि बाल्सा लाकडाचा. पंखांपासून मागे दोन लांब दांडे जातात आणि त्यांना शेपटीची आडवी पट्टी जोडते. नाकाखाली २० मिलिमीटरच्या चार तोफा. आणि वैमानिकाच्या पाठीमागे इजेक्शन सीट नाही. विमानाला गोळी लागली तर काचेचं छत्र उडवायचं, पट्टे सोडवायचे आणि मागची आडवी शेपटी चुकवत स्वतःच्या हातापायांनी बाहेर पडायचं. रणगाड्यांवर मारा करायचा तर जमिनीलगत उडावं लागतं. तिथे हे सगळं करायला उंचीही नसते, वेळही नसतो. पट्टे आवळताना हे प्रत्येकाला ठाऊक आहे.

सीमेपलीकडे एफ-८६ सेबर आहेत. कोरियाच्या युद्धात नावाजलेलं हे विमान व्हॅम्पायरपेक्षा ताशी दोनशेहून अधिक किलोमीटरनं वेगवान. अमेरिकी मदतीतून ती पाकिस्तानला मिळून कित्येक वर्षं झाली आहेत. यात गुपित असं काहीच नव्हतं. व्हॅम्पायरसोबत संरक्षणाला लढाऊ विमानं मात्र नाहीत. नॅट विमानं पठाणकोटला अजून यायची आहेत.

५ वाजून १९ मिनिटं

पहिली व्हॅम्पायर धावपट्टी सोडतात. छांबपर्यंतचं उड्डाण दहा-पंधरा मिनिटांचं. मार्ग वायव्येकडे, म्हणजे मावळतीचं ऊन जवळजवळ तोंडावर. खाली धूर, धूळ आणि दोन्ही बाजूंचे रणगाडे एकमेकांत मिसळलेले. त्या वेगात, त्या उजेडात एएमएक्स कोणता आणि पॅटन कोणता हे ओळखायला वैमानिकाला क्षण-दोन क्षण मिळतात.

पहिला मारा होतो. आता शत्रूलाही कळतं, की भारतीय विमानं मैदानात उतरली आहेत.

साडेपाचनंतर

स्क्वाड्रन लीडर सर्फराझ रफिकी आणि फ्लाईट लेफ्टनंट इम्तियाझ भट्टी यांची सेबर जोडी छांबच्या दिशेनं येते. खाली चार व्हॅम्पायर लक्ष्य शोधत आहेत. वेग सेबरच्या बाजूनं, उंची सेबरच्या बाजूनं. ससाणा पारव्यांत शिरावा तशी ती जोडी शिरते. व्हॅम्पायरला आखूड वळण घेता येतं, हा एकच त्याचा आधार, पण जमिनीलगत तोही पुरा पडत नाही.

भागवागर, जोशी, भारद्वाज. तिघेही फ्लाईट लेफ्टनंट, तिघांची विमानं काही मिनिटांत कोसळतात. चारांपैकी एकच परततं.

त्या संध्याकाळी व्हॅम्पायर गेली एकूण चार. चारही रफिकी-भट्टींनीच पाडली, दोघांनी दोन-दोन, असा पाकिस्तानचा हिशेब. भारतीय वृत्तांतानुसार तीन सेबरनं पाडली आणि एक जमिनीवरच्या गोळीबारात गेलं, त्याचा वैमानिक पॅराशूटनं उतरून वाचला.

सहा ते अंधार

व्हॅम्पायरच्या मागोमाग फ्रेंच बनावटीची मिस्तेर विमानं येतात. दिवसभरातली उड्डाणं एकूण २६ : १२ व्हॅम्पायरची, १४ मिस्तेरची. उजेड मावळत चाललेला, आणि नको ते घडतंच. आपल्याच विमानांचा मारा आपल्याच लोकांवर होतो, ‘२० लान्सर्स’चे रणगाडे त्यात सापडतात. सकाळपासून पॅटनशी झुंजलेल्यांना संध्याकाळी स्वतःच्या विमानांचा तडाखा बसावा, याच्यासारखं दुःख नाही. तरी दोष मी त्या वैमानिकांना देणार नाही. मागणी सकाळची आणि उड्डाण दिवस कलताना, यातच ते लिहिलं गेलं होतं.

मारा वाया गेला असंही नाही. दुसऱ्या दिवशी पाकिस्ताननं मलिक यांच्याकडून सूत्रं काढून याह्या खान यांना दिली, त्यात वेळ गेला, आणि अखनूर शेवटपर्यंत पडलं नाही. यातलं श्रेय विमानांचं किती आणि त्या बदलाचं किती, यावर वाद आहे. माझं म्हणणं एवढंच, की छांबमध्ये चुकली ती चार वाजताची मिनिटं नव्हेत, त्याआधीचे तीन-चार आठवडे. काश्मीर ऑगस्टभर पेटलेलं असताना नॅट पठाणकोटला आणून ठेवायला कोणाची हरकत होती?

२ आणि ३ सप्टेंबर

नॅट पठाणकोटला पोचतात, एक दिवस उशिरा. व्हॅम्पायर आघाडीवरून काढून घेतली जातात. ३ तारखेला मिस्तेरचं आमिष दाखवून सेबरना बोलावलं जातं, आणि खालून वर झेपावलेल्या नॅटमधून ट्रेव्हर कीलर सेबरवर अचूक मारा करतात. भारत हे आपलं पहिलं हवाई यश मानतो, कीलर यांना वीरचक्र मिळतं.

रफिकी ६ सप्टेंबरला हलवाऱ्यावर चालून आले आणि तिथेच पडले. पाकिस्ताननं शोरकोटच्या हवाईतळाला त्यांचं नाव दिलं. आपल्या तिघांसाठी मात्र जगन मोहन आणि समीर चोप्रा यांनी या हवाई युद्धावर २००५ मध्ये लिहिलेल्या इंग्रजी ग्रंथासारखी पुस्तकं उघडावी लागतात. यशवंतरावांच्या होकाराची गोष्ट सांगणाऱ्या प्रत्येक मराठी लेखात त्याच्या पुढच्या ओळीत ही तीन नावंही यायला हवीत.