वित्त विषयातील पदवी : उधव्याच्या विद्यार्थ्यांसाठी वाटा

बारावीनंतर वाणिज्य शाखेकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे पारंपरिक बी.कॉम. हा एकच पर्याय उरलेला नाही. वित्त हा विषय केंद्रस्थानी असलेल्या पदव्यांची दारे तलासरी तालुक्यातील उधव्यासारख्या गावातील विद्यार्थ्यांनाही खुली आहेत. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झालेला पालघर जिल्हा मुंबई विद्यापीठाच्याच कार्यक्षेत्रात येतो.

या परिसराला कर्जाचा हिशेब नवा नाही. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी वारली जोडपी सावकाराच्या दारी वर्षानुवर्षे राबत. त्यांना 'लग्नगडी' म्हणत. वेठ आणि लग्नगडी पद्धतीविरुद्ध १९४५ मध्ये गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली याच भागात उठाव झाला. दरमहा शेकडा ३ रुपये व्याज म्हणजे वर्षाला ३६ टक्के, आणि चक्रवाढीने सुमारे ४२.६ टक्के. हे गणित ज्याला मांडता येते, त्याची फसवणूक सहजी होत नाही. वित्तशिक्षणाचे पहिले प्रयोजन हेच होय.

अभ्यासक्रमाचे स्वरूप

'अकाउंटिंग अँड फायनान्स' या पदवीत लेखाशास्त्र, परिव्यय लेखांकन, लेखापरीक्षण, करआकारणी व वित्तीय व्यवस्थापन यांवर भर असतो. 'बँकिंग अँड इन्शुरन्स'मध्ये बँक व विमा व्यवहार, तर 'फायनान्शियल मार्केट्स'मध्ये शेअर, रोखे व म्युच्युअल फंड यांचा अभ्यास होतो. बी.एम.एस.मध्ये व्यवस्थापनाच्या सर्वसाधारण विषयांबरोबर वित्त हे विशेष क्षेत्र निवडता येते. पदवी तीन वर्षांची, सहा सत्रांची असते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार चौथे वर्ष पूर्ण केल्यास ऑनर्स पदवी मिळते.

प्रवेश

२०२४ पासून बी.बी.ए., बी.एम.एस. या नावाच्या अभ्यासक्रमांसाठी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची परीक्षा लागू झाली आहे. तिच्या अर्जाची पहिली मुदत सामान्यतः बारावीच्या निकालापूर्वीच संपते, हे ध्यानात ठेवावे. बी.कॉम. या नावाखाली चालणाऱ्या वित्तविषयक पदव्यांना ही परीक्षा नाही. तेथे बारावीच्या गुणांवर प्रवेश होतो.

खर्च व सवलती

हे अभ्यासक्रम बहुतांशी विनाअनुदानित असल्याने त्यांचे शुल्क साध्या बी.कॉम.पेक्षा बरेच अधिक असते. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांना महाडीबीटी संकेतस्थळावरून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी अर्ज करता येतो. त्यासाठी कौटुंबिक वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २ लाख ५० हजार रुपये आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळाल्यास पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजनेचा आधार घेता येतो. माहितीसाठी डहाणू येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाशी संपर्क साधावा. जमात वैधता प्रमाणपत्रासाठी बारावीत असतानाच अर्ज करणे हिताचे.

प्रवासाच्या दृष्टीने २०१३ मध्ये उपनगरी लोकल डहाणू रोडपर्यंत आल्याने पालघर, बोईसर, विरारकडील महाविद्यालये आवाक्यात आली. तरीही उधव्याहून स्थानक गाठण्याचा वेळ व भाडे हिशेबात धरलेच पाहिजे.

पुढील संधी

किमान ५५ टक्के गुण मिळविणाऱ्या वाणिज्य पदवीधरास फाउंडेशन परीक्षा न देता सी.ए.च्या इंटरमिजिएट स्तरावर थेट नोंदणी करता येते. बँकांतील लिपिक व अधिकारी पदांच्या आय.बी.पी.एस. परीक्षांना कोणत्याही शाखेचा पदवीधर पात्र असतो. म्हणजे केवळ बँकेच्या नोकरीसाठी महागडी पदवी अनिवार्य नाही. भांडवल बाजारात काम करू इच्छिणाऱ्यांनी 'सेबी'ने स्थापन केलेल्या एन.आय.एस.एम. संस्थेच्या प्रमाणपत्र परीक्षा द्याव्यात.

शुल्क भरण्यापूर्वी अभ्यासक्रमास विद्यापीठाची संलग्नता आहे का, महाविद्यालयाचे व अभ्यासक्रमाचे नाव शिष्यवृत्तीच्या यादीत आहे का आणि तीन वर्षांचा एकूण खर्च किती, हे तीन प्रश्न लेखी विचारावेत. उत्तरे समाधानकारक नसतील, तर जवळच्या अनुदानित महाविद्यालयातील बी.कॉम. आणि जोडीला एखादी व्यावसायिक परीक्षा, हा मार्ग अधिक शहाणपणाचा ठरेल.