ब्लॉकचेनवरची 'फी' नेमकी कोणाच्या खिशात जाते?

आखातात कामाला असलेला आपल्याकडचा माणूस एक्स्चेंज हाउसमधून घरी पैसे पाठवतो, तेव्हा शुल्क काउंटरवरच कळतं आणि पावती हातात पडते. हल्ली त्याच माणसाला कोणीतरी सांगतं, 'क्रिप्टोने पाठव, फी लागतच नाही.' हे खरं नाही. मध्ये बँक नसली तरी व्यवहाराची नोंद करणारे असतातच आणि ते फुकट काम करत नाहीत. क्रिप्टोने पैसे पाठवा असं आम्ही इथे सुचवत नाही. पण 'गॅस फी' या शब्दावर लोक लुबाडले जात आहेत, म्हणून तो समजून घ्यायला हवा.

आधी बिटकॉइन. इथे साधारण दर दहा मिनिटांनी व्यवहारांचा एक गठ्ठा, म्हणजे ब्लॉक, वहीत चढतो. ब्लॉकमधली जागा ठरलेली असते. गर्दी झाली की जो जास्त देईल त्याचा व्यवहार माइनर आधी घेतो. गंमत म्हणजे शुल्क रकमेवर ठरत नाही, व्यवहाराने किती बाइट जागा अडवली यावर ठरतं. शंभर रुपये पाठवा की एक कोटी, जागा तेवढीच लागली तर फी तेवढीच. एका बिटकॉइनचे १० कोटी सातोशी होतात. साधा व्यवहार सुमारे १४० बाइटचा धरला आणि दर बाइटला २० सातोशी असला, तर फी २,८०० सातोशी. पण तुमच्याकडची शिल्लक वीस वेळा थोडी थोडी आलेली असेल आणि ती सगळी एकदम पाठवायची असेल, तर प्रत्येक जमेचा हिशेब वेगळा द्यावा लागतो आणि फी जवळपास दहापट होते. सुट्ट्या नाण्यांची पिशवी काउंटरवर ओतली की मोजायला वेळ लागतो, तसंच हे.

गर्दीचा दिवस कसा असतो ते २० एप्रिल २०२४ रोजी दिसलं. माइनरचं ठरलेलं बक्षीस त्या दिवशी निम्मं होऊन ३.१२५ बिटकॉइनवर आलं आणि त्याच ब्लॉकमध्ये लोकांनी ३७ बिटकॉइनहून जास्त शुल्क भरलं. चुकाही महागात पडतात. सप्टेंबर २०२३ मध्ये पॅक्सोस या अमेरिकी कंपनीकडून सुमारे दोन हजार डॉलरच्या व्यवहारावर जवळपास २० बिटकॉइन, म्हणजे तेव्हाचे पाच लाख डॉलर, फी गेली. एफटूपूल या माइनर गटाने ती परत केली. सामान्य माणसाला असं नशीब मिळेल, हे गृहीत धरू नये.

इथेरियमवर शुल्काला 'गॅस' म्हणतात. साध्या पाठवणीला २१,००० गॅस लागतो. एका इथरचे १०० कोटी ग्वेई. दर २० ग्वेई असेल तर ०.०००४२ इथर, दर १०० झाला की तीच पाठवणी पाचपट महाग. ऑगस्ट २०२१ पासून या शुल्काचा मूळ भाग कोणालाच मिळत नाही, तो कायमचा नष्ट केला जातो. वर दिलेली 'टिप' तेवढी नोंद करणाऱ्या व्हॅलिडेटरला मिळते. आणि एक कटू गोष्ट: व्यवहार मधेच फसला तरी वापरलेला गॅस परत मिळत नाही.

आपल्या लोकांचा संबंध जास्त येतो तो यूएसडीटीशी, म्हणजे डॉलरला बांधलेल्या नाण्याशी. ते ट्रॉनवरून पाठवायचं तर फी ट्रॉनच्याच नाण्यात, टीआरएक्समध्ये लागते. वॉलेटमध्ये हजार यूएसडीटी आहेत पण टीआरएक्स शून्य, की ते बहुधा तिथेच अडकतात. ज्या पत्त्यावर यूएसडीटी अजिबात शिल्लक नाही, तिथे पाठवायला साधारण दुप्पट खर्च येतो. एक्स्चेंजवरून पैसे बाहेर काढताना जी 'विड्रॉल फी' दिसते, ती एक्स्चेंजने स्वतः ठरवलेली असते. नेटवर्कच्या खऱ्या शुल्कापेक्षा ती जास्तही असू शकते.

आता फसवणुकीकडे येऊ. नेटवर्कचं शुल्क पाठवणाऱ्याच्या वॉलेटमधून, व्यवहार होतानाच कापलं जातं. ते कोणाच्या बँक खात्यात किंवा यूपीआयवर भरायचं नसतं. त्यामुळे 'तुमचे पाच लाख तयार आहेत, फक्त गॅस फी पाठवा' असं टेलिग्रामवर सांगणारा ठगच असतो. एकदा भरलं की दुसरी फी निघते, मग 'टॅक्स' निघतो. दुसरा प्रकार आणखी चलाख आहे. कोणी 'चुकून' आपल्या वॉलेटचे बारा गुप्त शब्द तुम्हाला पाठवतो. उघडून पाहिलं तर आत खरोखर यूएसडीटी असतात, फीपुरतं टीआरएक्स मात्र नसतं. हाव सुटते, माणूस स्वतःचं टीआरएक्स त्यात टाकतो आणि ते क्षणात दुसरीकडे वळवलं जातं. आतले यूएसडीटी त्या बारा शब्दांनी हलणारे नसतातच, कारण त्यासाठी दुसऱ्या किल्लीचीही सही लागते.

भारतात कराचा हिशेबही लक्षात ठेवा. क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि त्यातून खरेदीची किंमत सोडून दुसरा खर्च वजा होत नाही.

फसवणूक झालीच तर लाजेने गप्प बसू नका. व्यवहाराचा हॅश, ज्या पत्त्यावर पैसे गेले तो पत्ता, चॅटचे स्क्रीनशॉट आणि यूपीआयची नोंद जपून ठेवा आणि लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. बँकेतून गेलेली रक्कम पुढच्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांत सर्वात जास्त असते.