संकरित पिल्लाचे कुळ

गाय घ्यायला बाजारात गेलेला शेतकरी नुसत्या रंगावर पैसे टाकत नाही. तो तिचे दात पाहतो, कास पाहतो, तिची आई किती दूध देत होती हेही खोदून विचारतो. ‘खाण तशी माती’ ही म्हण त्याला कुणी शिकवावी लागत नाही. पण हाच चोखंदळ माणूस कुत्र्याचे पिल्लू घेताना मात्र गोजिरवाण्या रूपावर भुलतो. त्यातून ते दोन जातींच्या संकराचे असले की विकणारा म्हणतो, ‘संकर आहे, म्हणजे दणकट असणारच!’ हे कितपत खरे? त्यासाठी ऑस्ट्रेलियातला थोडा इतिहास पाहू.

तिथल्या व्हिक्टोरिया राज्यात अंधांसाठी वाटाडे कुत्रे तयार करणारी एक संस्था आहे. कुत्र्यांच्या पैदाशीचे काम तिथे वॉली कॉनरन नावाचे गृहस्थ पाहत. हवाई बेटांतल्या एका अंध बाईंनी त्यांच्याकडे कुत्रा मागितला. अडचण अशी, की बाईंच्या यजमानांना कुत्र्याच्या केसांचा त्रास होई. वाटाड्याच्या कामाला लॅब्राडोर जात उत्तम, पण तिचे केस फार गळतात. पूडल जातीचे केस फारसे गळत नाहीत. कॉनरन यांनी पुष्कळ पूडल पारखून पाहिले, पण वाटाड्याचा स्वभाव एकातही सापडेना. शेवटी १९८९ साली त्यांनी लॅब्राडोर कुत्री आणि पूडल कुत्रा यांचा संकर केला. तीन पिल्ले झाली. तिघांचे केस आणि लाळ हवाईला पाठवली, तर त्यांतल्या एकाचाच त्या गृहस्थांना त्रास झाला नाही. त्या पिल्लाचे नाव सुलतान.

इथे क्षणभर थांबू या. आई एक, बाप एक, वेत एक. तरी हवा तो गुण तिघांत एकाच पिल्लात सापडला. संकराने काय पदरात पडेल, हे जातीचे नाव सांगू शकत नाही.

पुढची गंमत अशी, की उरलेली संकरित पिल्ले न्यायला कुणी तयार होईना. ज्याला त्याला शुद्ध जातीचा कुत्रा हवा! १८७३ साली लंडनमध्ये केनेल क्लब स्थापन झाला आणि १८७४ साली त्याची वंशावळीची पहिली वही निघाली. तेव्हापासून हा शुद्धतेचा मान वाढत आलेला. मग कॉनरन यांनी त्या पिल्लांचा ‘लॅब्राडूडल’ या नावाने गाजावाजा करवला, आणि नाकारलेल्या पिल्लांसाठी लोक रांगा लावू लागले. पिल्ले तीच होती, बदलले ते नाव. मागणी पाहून देशोदेशी आई-बापांची तपासणी न करताच असे संकर करणारे निघाले. २०१९ साली स्वतः कॉनरन यांनी जाहीरपणे पश्चात्ताप बोलून दाखवला.

आता यातला धोका पाहू. डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी करणारा एक आनुवंशिक रोग कुत्र्यांत आहे. आधी रात्रीचे दिसेनासे होते, मग दिवसाचेही. त्यामागचा जनुकातला दोष २००६ साली सापडला, आणि तोच दोष लॅब्राडोरमध्येही आढळतो, पूडलमध्येही! हा दोष सुप्त असतो. म्हणजे आई-बाप दोघेही त्याचे वाहक असले तरी दोघांची नजर स्वच्छ असते. पण त्यांच्या प्रत्येक पिल्लाला रोग होण्याचा संभव चारात एक. अंधाला वाट दाखवण्यासाठी केलेल्या संकरातच आंधळेपणाचे बी लपलेले असू शकते, ते असे. दोष दोन्ही कुळांत एकच असेल, तर संकराने तो धुऊन जात नाही.

खुब्याच्या सांध्याचा दोषही दोन्ही कुळांत आढळतो. तो एका जनुकाचा नव्हे, म्हणून तिथे क्ष-किरण चित्र काढावे लागते. अशी चित्रे तपासून नोंद ठेवणारी संस्था अमेरिकेत १९६६ साली निघाली. कुत्रा दोन वर्षांचा झाल्याशिवाय ती अंतिम दाखला देत नाही. तेव्हा पिल्लाचा खुबा तपासून काम भागत नाही, त्याच्या आई-बापांचे दाखले पाहावे लागतात.

२०२४ साली लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजच्या संशोधकांनी तीन लोकप्रिय संकरांची त्यांच्या मूळ जातींशी तुलना प्रसिद्ध केली. लॅब्राडूडल त्यांत होताच. नेहमीच्या रोगांच्या बाबतीत शंभरातल्या सुमारे ८७ तुलनांत काहीच फरक आढळला नाही. संकर म्हणजे रोगी असे नव्हे, आणि संकर म्हणजे निरोगी असेही नव्हे.

म्हणून पिल्लू घेण्याआधी चार गोष्टी कराव्यात. त्याची आई डोळ्यांनी पाहावी. बाप कोणता ते विचारावे. दोघांच्याही डोळ्यांचे व खुब्यांचे तपासणीचे कागद मागावेत. एकाचे पुरत नाहीत. आणि आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू घेऊ नये. आपल्या देशात २०१७ च्या नियमांनी अशा विक्रीला मनाई केली आहे. लस टोचल्याचा कागद म्हणजे कुळाचा दाखला नव्हे, हेही ध्यानात ठेवावे.

शिक्षकबंधूंना हा विषय वर्गात सांगता येईल. मेंडेलने वाटाण्यावर दाखवलेला नियम मुलांना दारातल्या कुत्र्यावरून चटकन पटेल. आणि विकणारा जर म्हणाला, ‘कागद कशाला, पिल्लू बघा की किती छान आहे’, तर त्याला नमस्कार करून पुढच्या दारी जावे. पिल्लू दहा-बारा वर्षे आपल्या घरात राहायचे असते. त्याचे दुखणे त्यालाही भोगावे लागते आणि आपल्यालाही.