भेदिकाचा सवाल आणि मालिकेचे रहस्य

दूरचित्रवाणीवरील रहस्यमय मालिकेचा एक भाग संपल्यानंतर दुसरा सुरू होईपर्यंत प्रेक्षक जे तर्क लढवितात, त्यांच्याकडे अभ्यासविषय म्हणून सहसा पाहिले जात नाही. तो फावल्या वेळचा चाळा मानला जातो. परंतु सोलापूरसारख्या नगराचा सांस्कृतिक इतिहास ध्यानात घेतला, तर समुदायाने एकत्र बसून कोडे सोडविण्याची प्रथा येथे दूरचित्रवाणीच्या कितीतरी पूर्वीपासून रुजलेली दिसते. ह्या जुन्या व नव्या प्रथांमधील साम्य उघड आहे. त्यांच्यातील अंतर मात्र अधिक उद्बोधक असून ते एका प्रश्नाभोवती फिरते : कोडे घालणारा स्वतःच्या उत्तराने बांधलेला असतो काय?

प्रथम शब्दांचा विचार करावयास हवा. 'भेद' ह्या शब्दाच्या मुळाशी 'भिद्' म्हणजे फोडणे हा संस्कृत धातू आहे. मराठीत त्याला फरक, फूट आणि गुपित असे तिन्ही अर्थ प्राप्त झाले. ज्या लावणीत एखादे गूढ दडविलेले असते व ते प्रतिपक्षाने फोडावयाचे असते, ती 'भेदिक' लावणी होय. सोलापुरात मोठ्या संख्येने बोलल्या जाणाऱ्या तेलुगू भाषेत कोड्याला 'पोडुपु कथ' म्हणतात, आणि तेथेही मूळ क्रिया टोचण्याची, भेदण्याची आहे. मराठीतील 'हुमान', 'उखाणा', 'कूट' हे शब्द ह्याच कुळातले. महाभारतात ८,८०० कूटश्लोक असल्याची परंपरा आदिपर्वातच नोंदलेली आहे. अर्थ झाकून ठेवावा आणि श्रोत्याने तो उघडावा, ही अपेक्षा आपल्या वाङ्मयात अशी फार जुनी आहे.

ह्या अपेक्षेला सार्वजनिक सामन्याचे रूप आले ते शाहिरांच्या फडांत. रामजोशी (सु. १७६२–१८१२) हे मूळचे सोलापूरचे. घराणे वैदिकाचे, थोरले बंधू मुद्गल जोशी पुराणिक. तरीही रामजोशींना लहानपणीच तमाशाचा नाद लागला, आणि गावातील धोंडी शाहिराच्या फडाशी त्यांचा संबंध त्यांच्या चरित्रांत सांगितला जातो. पुढे त्यांनी संस्कृत विद्या संपादन केली आणि ती लावणीत उतरविली. पांडित्य व तमाशा ह्यांचा असा संगम ज्या काळात शक्य झाला, त्याच काळाच्या आगेमागे कलगी आणि तुरा ह्या दोन पक्षांची स्पर्धाही महाराष्ट्रात बहरली. कलगीवाले शक्तीचे श्रेष्ठत्व सांगत, तर तुरेवाले शिवाचे.

ह्या सामन्याची रीत लक्षात घेण्याजोगी आहे. डफ-तुणतुण्याच्या साथीवर एका पक्षाने सवाल टाकावा, दुसऱ्याने त्याचा जबाब गाऊन द्यावा व मग उलट सवाल करावा, असा क्रम रात्रभर चाले. सवाल पुराणांतील वंशावळींचा, तत्त्वांच्या संख्येचा किंवा पिंड-ब्रह्मांडाच्या नात्याचा असे. तो कितीही गूढ असला, तरी त्याचे उत्तर कोठेतरी आधीच सिद्ध असे : पुराणात, योगशास्त्रात किंवा गुरूच्या बाडात. समोर बसलेला श्रोता अक्षरशत्रू असला, तरी कीर्तन-पुराणाच्या श्रवणाने बहुश्रुत झालेला असे. तो मनाशी तर्क करी, शेजाऱ्याशी वाद घाली आणि जबाब चुकला तर गलका करी. श्रोता येथे एका अर्थी पंचाच्या जागी होता. सवाल टाकणाऱ्याला ऐन वेळी उत्तर बदलण्याची सोय नव्हती. तसे केले तर फडाची अब्रू जाई.

मुद्रणाच्या युगात कथा हप्त्याहप्त्याने येऊ लागली आणि हा करार सैल झाला. हरि नारायण आपटे ह्यांचे 'करमणूक' साप्ताहिक १८९० मध्ये सुरू झाले व 'पण लक्षात कोण घेतो!' ही कादंबरी त्यातून क्रमशः आली. पुढचा हप्ता वाचकाने आठवडाभर मनात घोळवावा, हे नवे वळण होते. इंग्लंडमध्ये ह्याचे टोकाचे उदाहरण घडले. 'एडविन ड्रूड'चे रहस्य योजलेल्या बारा भागांपैकी सहाच भाग लिहून ठेवून चार्ल्स डिकन्स जून १८७० मध्ये निवर्तला. वाचकांचा तर्क थांबला नाही. १९१४ मध्ये लंडनमध्ये त्या कथेतील संशयितावर लुटुपुटीचा खटलाच चालविण्यात आला. न्यायाधीश होते चेस्टरटन आणि ज्यूरीचे प्रमुख बर्नार्ड शॉ. उत्तर देणारा नाहीसा झाल्यावरही न्यायनिवाड्याची हौस टिकून राहते, हे ह्यावरून दिसते. पुढे १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स ह्याने गुप्तहेरकथेचे दहा नियम मांडले. वाचकापासून दुवे लपवू नयेत, हा त्यांचा गाभा होता. भेदिकाच्या फडात जो संकेत परंपरेने पाळला जाई, तोच येथे लेखी नियमाच्या रूपाने अवतरला.

मुंबई दूरदर्शन केंद्र १९७२ मध्ये सुरू झाले. १९८५ च्या सुमारास 'विक्रम और वेताल' ही मालिका घरोघरी पाहिली गेली. तिच्या मुळाशी असलेली वेताळ पंचविशी म्हणजे क्रमशः रहस्यकथेचा जणू आदर्शच होय. कारण तेथे राजाने बरोबर उत्तर दिले की वेताळ झाडाकडे परततो आणि पुढची गोष्ट सुरू होते. मराठीतील अलीकडचे ठळक उदाहरण म्हणजे झी मराठीवर २०१६ मध्ये आलेली 'रात्रीस खेळ चाले'. कोकणातील नाईक कुटुंबात अण्णांच्या मृत्यूनंतर घडणाऱ्या चमत्कारिक घटनांमागे भूत आहे की माणूस, आणि माणूस असल्यास कोण, हा तिचा सवाल होता. मालिकेने अंधश्रद्धेला खतपाणी मिळते, असा आक्षेपही घेतला गेला. वस्तुतः ज्या प्रेक्षकाने 'भूत' हे उत्तर नाकारून घरातील माणसांवर संशय घेतला, तो कार्यकारणाचाच शोध घेत होता.

हा शोध कोणत्या भाषेत चालतो, हे पाहणे उपयुक्त ठरेल. 'तोच असेल', 'तोच असावा' आणि 'तोच असणार' ही तीन वाक्ये समानार्थी नाहीत. पहिल्यात केवळ शक्यता आहे. दुसऱ्यात पुराव्यावरून काढलेले अनुमान आहे. तिसऱ्यात बोलणाऱ्याची खात्री आहे. त्यांना 'म्हणे' जोडला की उत्तरदायित्व दुसऱ्यावर जाते. सोलापूरच्या बोलीत 'असेल'चे 'असंल' होते, पण पायरी तीच राहते. मालिकेविषयी बोलणारी माणसे ह्या पायऱ्या चढतात आणि नवा दुवा हाती येताच उतरतातही. व्याकरणाने दिलेला हा विवेक शाळेत न गेलेल्या माणसाच्याही जिभेवर असतो.

मात्र ज्या वस्तूविषयी तर्क करावयाचा, तीच येथे अस्थिर आहे. दैनंदिन मालिकेची लांबी प्रेक्षकसंख्येवर ठरते. ती वाढली तर कथा लांबते, घटली तर गुंडाळली जाते. 'रात्रीस खेळ चाले'चा दुसरा भाग २०१९ मध्ये आला तो मागील काळात जाऊन, अण्णांच्या हयातीतील घटना सांगणारा. शेवट ठाऊक, कारण अज्ञात, अशी स्थिती झाली. शिवाय पहिल्या भागात सांगून झालेल्या गोष्टींशी दुसरा जुळतो की नाही, हे तपासण्याचे नवे काम प्रेक्षकाकडे आले. फडातील शाहिराला त्याच्याआधी रचलेले पुराण बांधून ठेवी. मालिकेच्या लेखकाला बांधणारे एकच पुराण आहे, आणि ते म्हणजे प्रेक्षकाची स्मृती. त्या स्मृतीला फडातल्यासारखा गलका करण्याचा अधिकार समोरासमोर उरलेला नाही. म्हणून तर्क चुकला की प्रेक्षकाचा अंदाज फसला, की कथाकाराने उत्तर बदलले, हे ठरविता येत नाही.

ह्या दोन प्रथांचा तौलनिक अभ्यास करावयाचा, तर साधने हाताशी हवीत. भेदिकाची बाडे शाहिरांच्या घरी कसरीच्या तोंडी आहेत; एकाच बाडात सवाल असून जबाब मौखिक राहिला असेल, तर जाणत्या शाहिराबरोबर तो कायमचा जातो. मालिकेचे भाग चित्रफितींत टिकतात, पण घराघरांत त्यांच्याविषयी झालेले बोलणे टिकत नाही. पहिल्या ठिकाणी प्रश्न राहून उत्तर नष्ट होते. दुसऱ्या ठिकाणी उत्तर राहून लोकांनी केलेला तर्क नष्ट होतो. सोलापूर जिल्ह्यातील जत्रांत अद्याप गाणारे भेदिक शाहीर आणि त्याच गावांतील मालिकांचे प्रेक्षक ह्यांची संभाषणे, त्यांतील 'असेल', 'असावा' व 'असणार' जसेच्या तसे ठेवून, ध्वनिमुद्रित करणे हे काम एका पदव्युत्तर प्रबंधाच्या आवाक्यातील आहे. ते लांबणीवर टाकल्यास दोन्हींपैकी अर्धाच इतिहास पुढील अभ्यासकाच्या हाती लागेल.