कलम ३७७ची कुळकथा

भारतीय दंडविधानातल्या कलम ३७७चं मूळ युरोपातल्या चर्चच्या न्यायनिवाड्यात होतं. पुरुषा-पुरुषांमधला शरीरसंबंध चर्चच्या लेखी पाप होता. ११७९ साली रोममध्ये भरलेल्या तिसऱ्या लॅटरन परिषदेने त्याची शिक्षा ठरवली: धर्मगुरूची पदावरून हकालपट्टी किंवा मठात प्रायश्चित्त, सामान्य माणसावर बहिष्कार.

इंग्लंडचा राजा आठवा हेन्री रोमशी नातं तोडून चर्चच्या न्यायालयांचे अधिकार आपल्याकडे ओढत होता. त्याच धामधुमीत, १५३३ साली, त्याचा मंत्री थॉमस क्रॉमवेलने पार्लमेंटमधून कायदा करून घेतला आणि या पापाचा गुन्हा झाला. शिक्षा फाशी, दोषीची मालमत्ताही जप्त. तीन शतकांनंतर, १८३५ साली, जेम्स प्रॅट आणि जॉन स्मिथ यांना लंडनच्या न्यूगेट तुरुंगाबाहेर फासावर चढवलं गेलं. भाड्याच्या खोलीचं दार बंद होतं. घरमालकाने कुलपाच्या भोकातून पाहिलं आणि तीच साक्ष ठरली. या गुन्ह्यासाठी इंग्लंडमध्ये दिलेली ही शेवटची फाशी.

भारतातल्या इंग्रजी राजवटीत मॅकॉलेच्या समितीने १८३७ साली आपल्याकडच्या दंडविधानाचा मसुदा केला. १८६० साली तो बऱ्याच फेरफारांनंतर संमत झाला. ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ संबंधाला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आली आणि दोघांच्या संमतीला काहीच किंमत उरली नाही.

इंग्लंडमधला हा कायदा नको, असं म्हणणाऱ्यांत पुढे चर्चचीही माणसं होती. चर्च ऑफ इंग्लंडमधले धर्मगुरू डेरिक शेर्विन बेली यांनी पन्नाशीच्या दशकात याविषयीच्या ख्रिस्ती परंपरेची चिकित्सा केली. प्रौढांचे खासगी संबंध गुन्हा मानू नयेत, या १९५७च्या वुल्फेंडन समितीच्या शिफारशीला कँटरबरीचे आर्चबिशप फिशर यांनी पाठिंबा दिला. पापाला पाप म्हणत राहूनही त्यांनी हे केलं. १९६७ साली इंग्लंडमध्ये कायदा बदलला.

भारतात २००९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने या कलमाला वेसण घातली, तेव्हा विरोधात सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांत काही ख्रिस्ती संघटनाही होत्या. २०१३ साली त्या न्यायालयाच्या निकालाने कलम पुन्हा जिवंत झालं. त्या वेळी मुंबईचे आर्चबिशप कार्डिनल ग्रेशस यांनी समलिंगी व्यक्तींना गुन्हेगार मानायला नकार दिला. अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने संमतीच्या संबंधांना कलमातून मुक्त केलं.

कोणत्याही धर्माला आपल्या अनुयायांना उपदेश करण्याचा हक्क आहे. तो पटवून द्यायला पोलिस लागू लागले, की त्याला उपदेश म्हणता येत नाही.